बाभळीवरचा कोळी आणि स्पंज

“स्पंजाला मेंदूच नाही, पोरी! मेंदू नसलेल्याचं काय ऐकायचं?” सदाशिवराव मोठ्याने हसले.

हिंगणघाटच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं. समोर बसलेली दीपमाला त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता ती तिथेच शिकवत होती. आज ती सल्ला विचारायला आली होती. ती बौद्ध होती, तिने निवडलेला मुलगा नव्हता. मुलाचे वडील तिला सून म्हणून घरात घेतील का, एवढाच तिचा प्रश्न होता.

“पण सर, तुम्हीच शिकवलंत. दोन प्रकारचे समुद्री स्पंज फडक्यातून गाळून एकत्र कालवले, तरी त्यांचे कण आपापल्यांनाच शोधून चिकटतात. माणसंही तशीच निघाली तर?”

“अन् बाभळीवरचा आपला कोळी विसरलीस? एका जाळ्यात शेकडो नांदतात. परक्या जाळ्यातला आला तरी त्याला हाकलत नाहीत. एकाच शिकारीवर सगळे जेवतात.”

दीपमाला विसरली नव्हती. ते कोळी दाखवायला सर पोरांना वणा नदीच्या काठी पायी नेत. परतताना तिच्या डब्यातली भाकर ते हक्काने मागून खात.

“एवढासा जीव हे करतो, अन् त्या बापाले जमत नाही?” सदाशिवराव तापले. “नाव सांग त्याचं. मी स्वतः जाऊन समजावतो.”

दीपमालाने ओढणीचं टोक घट्ट धरलं.

“तुम्हीच, सर. आपला नीलेश.”

सदाशिवराव उठले. घरातल्या घरात त्यांनी चपला घातल्या, पुन्हा काढल्या. मग त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

“स्पंज काही उगाच कोट्यवधी वर्षं टिकला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही आता निघा.”

सरांनी तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. दीपमाला उठली.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई बाहेर आल्या. साऱ्या संसारात त्यांनी नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी दीपमालाचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

“दीपमाला काऊन जाईन? सून हाय आपली. काल वर्धेत रजिस्टर लग्न झालं दोघांचं. साक्षीदार म्हणून मीच गेलती.”