निमकर सरांची रिकामी जागा

"क्लासची नोकरी सोडली मी," शाल्मलीने आईला फोनवर सांगितलं. "ही जागा माझीच. माझ्याइतकं चांगलं हृदय अख्ख्या जिल्ह्यात कोणी वाढवत नाही."

स्टेम सेल संस्थेत अकरा वर्षांनी जागा निघाली होती. एकशे चार वर्षांच्या निमकर सरांचं हृदय थकलं होतं, आणि मेडिकलमध्ये नापास झाल्याशिवाय तिथे कोणी रिटायर होत नसे.

प्रात्यक्षिकाला तिला बशीभर पेशी मिळाल्या. चाळीस दिवसांत हृदय वाढवायचं होतं. तिचं असं दणदणीत धडधडलं, की परीक्षक बघतच राहिले.

निकाल क्लार्क बोरवणकरांनी सांगितला. "पहिल्या आलात, मॅडम."

"मग जॉइन कधी होऊ?"

"जागा कुठेय आता? पेशी सरांच्याच होत्या. गेल्या महिन्यात बसवलं त्यांना."

"माझ्या परीक्षेचं हृदय?"

"मग काय फेकायचं? सरकारी माल आहे. तुम्ही नापास झाला असतात, तर जागा राहिली असती."

तेवढ्यात निमकर सर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि हृदयाच्या पंचवीस वर्षांच्या वॉरंटीवर तिची सही घेतली.