फक्कीचे घर

"आबा, भिंतीतनं आलासा तुम्ही," क्रांती म्हणाली.

पिराजी जागच्या जागी थबकले. त्यांनी पायाखाली पाहिले. सिमेंटच्या मैदानावर फक्कीची, म्हणजे मैदान आखण्याच्या भुकटीची, एक शुभ्र रेषा होती आणि ती त्यांच्या चपलेने पुसली गेली होती. त्यांच्यासमवेत आलेले गौस गवंडी मोठ्याने हसले.

"मी बांधलेली असती तर कपाळ फुटलं असतं की तुझं," गौस म्हणाले.

विद्यापीठाच्या लोकोत्सवाचा तो अखेरचा दिवस होता. वास्तुकला विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या कल्पना तेथे मांडल्या होत्या. मंडपात पुठ्ठ्याचे नाट्यगृह होते, काचेचे बसस्थानक होते, इवल्याशा दिव्यांनी उजळलेला नदीघाटही होता. साहजिकच गर्दी त्या बाजूस होती. क्रांतीने मात्र मंडपाबाहेर, बास्केटबॉलच्या मैदानावर, एक संपूर्ण घर फक्कीने आखले होते. तेही खऱ्या मापाचे. पुढे बैठकीचा सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागे गोठा. भिंतीच्या जागी रेषा आणि दाराच्या जागी मोकळी जागा. लोक त्यावरून खुशाल ये-जा करीत होते. एका गृहस्थांनी तर, "पोरी, कबड्डी कवा चालू व्हणार?" अशी पृच्छा केली होती.

ते घर गडमुडशिंगीच्या पिराजींचेच होते. अर्थात ते अद्याप कोठेही उभे नव्हते. जुने घर उतरवून झाले होते आणि सोमवारी गौस नवा पाया खणणार होते. पिराजींची पसंती केव्हाच ठरलेली होती. शेजारच्या आकारामने बांधले, तसेच बांधायचे. गल्लीत सर्वांनी हेच केले होते. एकाने बांधावे आणि दुसऱ्याने ते हुबेहूब उभारावे. परिणामी लग्नसराईत पाहुणे भलत्याच घरी जाऊन बसत आणि चहा झाल्यावर चूक ध्यानात येई.

क्रांतीने आपला नकाशा वडिलांना अनेक वेळा दाखविला होता. पिराजी कागद दूर धरीत, "बघू" म्हणत, आणि घडी घालून ठेवून देत. म्हणूनच तिने ते घर कागदावरून जमिनीवर उतरविले होते. आज त्यांनी होकार दिला नाही, तर सोमवारी आकारामचेच घर पुनश्च उभे राहणार होते.

"मागं फिरा, आबा. दारातनं या."

"रेघच हाय न्हवं?"

"भिंत हाय."

गौस दाराच्या जागेपाशी जाऊन अदबीने उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "या पावणं. आता नीट दारातनं या."

पिराजी काहीतरी पुटपुटत वळसा घालून गेले. दाराशी क्षणभर रेंगाळले. मग आत आले. गौस तेथेच दाराशी उभे राहिले.

क्रांती पुढे चालू लागली. तिची दृष्टी भिंतींवर होती, ज्या तिच्याखेरीज कोणास दिसत नव्हत्या. सोप्यात सकाळचे ऊन कोठून येईल, माजघरात वारा कसा खेळेल, हे तिने हात उंचावून दाखविले. स्वयंपाकघरात ती थांबली.

"हितं आई उभारणार. समोर दार, आणि दारातनं सरळ गोठा. चहा ठेवल्या ठेवल्या म्हस दिसंल. आकारामकाकांच्यात गोठा भिंतीआड हाय. म्हस सुटली तरी कळत न्हाय."

"म्हस काय रोज सुटती व्हय?"

"मागं सुटलीच की आपली. तुम्ही कालव्यापतोर गेलतासा शोधाय."

"आणि म्हस घरात आली, ह्यो कालव्यावरच," गौस दारातून म्हणाले.

पिराजींना हसू आले, परंतु ते त्यांनी गिळले. दुपार टळटळीत झाली होती. मैदानावर कसलीही सावली नव्हती. पिराजी सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. ते पाहून क्रांतीस वाटले, यांना निघण्याची घाई झाली आहे. तिचा स्वर खाली आला आणि गोठा तिने दोन वाक्यांतच उरकला.

"आकाराम काय म्हणंल?" पिराजींनी विचारले. "आमच्यापरीस येगळं बांधलं म्हणंल."

"म्हणू दे की," गौस म्हणाले. "पुढच्या खेपंला तो तुझ्यागत बांधंल."

पिराजींनी सभोवार नजर फिरविली. रेषा, त्यांपलीकडे मैदान, मैदानापलीकडे मंडप. त्यांनी मान हलविली.

"पोरी, तू कष्ट लई घेतलीस. पर नुसत्या रेघा बघून घर कसं बांधायचं? ह्यात शिरल्यावर घरात आल्यागत वाटाय पायजे का न्हाय?"

क्रांतीला ते पटले होते, हेच दुःखदायक होते. ती सोप्याच्या भिंतीपाशी आली आणि खाली वाकून मघाशी पुसली गेलेली रेषा चिमटीभर फक्कीने पुन्हा भरू लागली.

पिराजी निघाले. ते स्वयंपाकघराच्या दारातून माजघरात गेले, माजघराच्या दारातून सोप्यात.

"सोमवारी फक्की घिऊन ये, पोरी," गौस तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "ह्याच मापानं पाया आखू."

"आबा तर न्हाय म्हणाले."

"तोंडानं म्हणाला." गौस यांनी हनुवटीने दाराकडे खूण केली.

क्रांतीने मान वर केली. पिराजी दाराबाहेर उभे होते, आणि उंबऱ्याच्या जागेपलीकडे नीट जोडीने काढून ठेवलेल्या चपलांत आपले पोळलेले पाय सरकवीत होते.