पाठकोरं

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं, तरी लोरेटाची आई आपल्या मुलाचं, वेंडेलचं, खेळाडूचा फोटो छापलेलं कार्ड सतत मांडीवर उलटं घेऊन त्यावर बोट फिरवत बसायची. वेंडेलनं बाकीची कार्डं लहानपणी सायकलच्या चाकाला अडकवून फडफडवत फाडली होती. व्हिएतनामच्या लढाईवर जाताना उरलेलं हे एकच आईकडे दिलं, आणि तो परतलाच नाही. तेही झिजून जाऊ नये, म्हणून लोरेटानं ते प्लास्टिकच्या पेटीत बंद करायला ड्वेनच्या जुन्या कार्डांच्या दुकानात टाकलं.

पेटी परत देताना ड्वेन नुसता हरखला होता. "चाकाला लावायचे दिवस गेले, बाई! आता एक डाग दिसला, की लाखाचे बारा हजार. पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं 'आई, मी परत येईपर्यंत सांभाळ' असं खरडलं होतं. फुकटात खोडून दिलं. आता कसं, पाठकोरं म्हणजे पाठकोरं!"

लोरेटा पेटी उचलून तशीच निघाली.

घरी आईनं सवयीनं पेटी उलटी केली. कोऱ्या पाठीवर बोट थबकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हातारीचा चेहरा उजळला.

"त्यानंच पुसलं ना? मग बाहेर काय उभा केलायस गं त्याला? बोलाव की आत!"