अळंब्यांची जागा

रानातल्या अळंब्यांची जागा बापाने मुलाला सांगायची ती मरतानाच, ही त्या खोऱ्यातली रीत. काल पाद्री शेवटची प्रार्थना म्हणून गेले, तेव्हा कुठे म्हाताऱ्या ऑनोरेने ती बाझिलच्या कानात सांगितली.

बाबांची झोपमोड नको म्हणून खोलीत न डोकावताच बाझिलने उजाडताना सायकल दामटली. नदीकाठाने पाणचक्कीपर्यंत, मग साकवापर्यंत. साकवापाशी शेजाऱ्याची सायकल पडली होती! तो धापा टाकत चेस्टनटच्या रानात चढला. खुणेच्या दगडाभोवती नुसते ताजे कापलेले देठ.

"कोण आहे रे तो चोर?"

दगडामागून झोपायच्या सदऱ्यातला ऑनोरे उठला. हातात भरलेली टोपली.

"ओरडतोस काय, गाढवा? तू सगळी खुडून नेशील या धास्तीने रात्रभर मरताच आलं नाही मला!"