डबल बेल

बसचं दार फुस्स करून मिटलं आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग घट्ट धरलं. आता निघायचं. पण कुणाच्या सांगण्यावरून?

प्रवासी चढून झाले होते. पाय ब्रेकवर होता आणि कान मागे. एकोणीस वर्षांची सवय ती, परक्या देशात येऊन सहा महिन्यांत थोडीच सुटते? तिकडे मागे नाना कंडक्टर असायचा. घंटीची दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की जाऊ दे. टण टण! एवढं ऐकलं की हा गिअर टाकून मोकळा. कोण चढलं, कोण दारात लोंबकळतंय, कुणाचं पोर खाली राहिलं, हा सगळा ताप नानाच्या डोक्याला. ह्यानं फक्त पुढचा रस्ता बघायचा.

इथे कंडक्टर नावाचा प्राणीच नव्हता. कार्ड लावा, आत या, बसा. पुढचंही ह्यानंच बघायचं आणि मागचंही ह्यानंच. तिथेच घोडं अडत होतं.

पहिल्या परीक्षेत एका स्टॉपवर तो दोन मिनिटं ढिम्म उभा राहिला. घंटीची वाट बघत! "गाडी बिघडली का?" असं तपासनीस बाईंनी विचारलं, तेव्हा कुठे भानावर आला. नापास. दुसऱ्या वेळी उशिराच्या धास्तीनं दार मिटल्या मिटल्या गाडी हाणली आणि एक गृहस्थ पिशव्यांसकट आडवा झाला. नशीब, लागलं नाही. तरी नापासच. एकदा थांबून नापास, एकदा निघून नापास. आजची तिसरी खेप, आणि शेवटची. पास झाला तर नोकरी पक्की आणि बायको-लेकीचे इकडे यायचे कागद पुढे सरकणार. नाहीतर रविवारचं परतीचं विमान. लेकीनं तर वर्गातल्या मैत्रिणींचा निरोपसुद्धा घेऊन टाकला होता. बावळट कुठली! बापाचा निकाल लागायच्या आधीच.

पाच स्टॉप कसेबसे धकले होते. हा सहावा.

तपासनीस बाई पहिल्याच सीटवर बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं पेन हललं की ह्याच्या तळहाताला घाम फुटायचा. आत्ता पेन हललं.

"अहो, चला की आता," मागून एक तरुण घड्याळ बघत म्हणाला.

कुणीतरी जा म्हणालं! ह्याचा पाय ब्रेकवरून उचललाच गेला होता. तेवढ्यात कालचा नानाचा फोन आठवला.

"अरे शहाण्या, घंटी मारायच्या आधी मी काय करायचो, ते कधी वळून बघितलंस? मी लोकांचे हात बघायचो. बसलेत की उभे आहेत ते मरू दे. हातानं काहीतरी धरलंय ना, तेवढं बघायचं."

त्यानं पाय पुन्हा ब्रेकवर दाबला आणि आरशात बघितलं. एक हात दांड्याला. दुसरा सीटच्या पाठीला. तरुणाचा एक हात कडीत. आणि मध्येच एक आजी. एका हातात काठी, दुसरा हात पर्समध्ये खोल गेलेला. दोन्हींपैकी एकही हात गाडीला नाही.

आजी शोधतायत, शोधतायत. चष्म्याचं घर निघालं. ते परत ठेवलं. रुमाल निघाला. तरुणानं "छे!" केलं. बाईंचं पेन परत चाललं. अहो आजी, धरा हो काहीतरी, माझ्या लेकीची शपथ आहे तुम्हाला! ह्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला.

आजींनी नाक पुसलं, पर्स मिटली आणि दांडा धरला.

"टण टण," ड्रायव्हर स्वतःशीच पुटपुटला. गाडी निघाली. आजींची काठी जागची हलली नाही.

शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी झाली. बाई उठल्या. "सहाव्या स्टॉपवर कशाला थांबला होतात?"

झालं! ठरलं रविवारचं विमान. परक्या भाषेतले शब्द ऐन वेळी पळून गेले. त्यानं नुसता हात वर करून दांडा घट्ट धरून दाखवला आणि म्हणाला, "आजी."

बाईंनी कागदावर सही केली. "पास. आता आरशात बघायला शिकलात. असंच बघत जा, कुणावर विसंबू नका."

परतीच्या फेरीला सहा मिनिटं होती. प्रवासी चढायला लागले होते. त्यानं सीटवर बसूनच फोन लावला. "नाना, पास झालो!"

"अरे वा रे पठ्ठ्या!" नाना केवढ्यानं तरी ओरडला. मग म्हणाला, "तुला परीक्षेचा घोर होता म्हणून काल बोललो नाही. मला नवा ड्रायव्हर दिलाय. कामाला चांगला आहे. पण मी घंटी मारली ना, तरी तो आरशात बघतो रे. बावीस वर्षं झाली मला घंटी मारतोय, आजवर कुणी बघितलं नव्हतं. विश्वासच नाही मेल्याचा माझ्यावर."

ह्यानं घड्याळ बघितलं. "नाना, वेळ झाली माझी," हा म्हणाला.

"थांब, थांब. मी गाडीतच आहे."

आणि फोनमधून आवाज आला. टण टण! "जाऊ दे!"

फोन बंद करून त्यानं खिशात टाकला. दार मिटलं. पाय आपोआप ब्रेकवरून उचलला गेला.

उचललेला पाय त्यानं परत ब्रेकवर ठेवला आणि आरशात बघितलं.