कापराचा रुमाल

एकाहत्तर साली भाईंदरला रोज मी गच्चीवर आत्मविचाराला बसायचो. जे जाणवेल, ते ‘कोणाला जाणवतंय?’ असं विचारायचं, एवढीच साधना. पण शेजारच्या सरूबाईच्या बांबूंवर वाळणारे बोंबील नाकातून मेंदूत शिरायचे. ओकारी यायची. साधना चुकतेय, ही शंका तीन वर्षं कुरतडत होती. काशीगावचे स्वामी तंबाखू थुंकून म्हणाले, “बैठक अशुद्ध! नाकाला कापराचा रुमाल बांध.” बांधला. कापूर आणि बोंबील मिळून असा दर्प उसळला, की मी कठड्यावरून ओरडलो, “सरूबाई, उचला ती घाण! काय वास येतोय!” बोंबील उलटवत तिने वर पाहिलं. “वास? कोनाला येतय? आमाला तं न्हाय.” हा तर माझ्या साधनेचाच प्रश्न! रुमाल सोडून खाली फेकला. तिने त्यात मूठभर बोंबील बांधून पाठवले. वास किळसवाणाच होता. तो मलाच येत होता, याबद्दल आता शंका नव्हती.