टोळी निघायच्या आधी

“आजी, तुम्ही बाहेर थांबा,” डॉक्टर म्हणाले.

नंदाबाई जागची हलली नाही. तिला कोणी बोलावलं नव्हतंच. तिशी नुकतीच ओलांडलेल्या अक्षताला घेऊन तिचा नवरा, कल्याण, अंबडच्या या दवाखान्यात निघाला, तशी तीही काठी टेकत एसटीत चढली होती. गाडीत एका बाईने उठून जागा दिली, तर तिच्यावरही खेकसली. सकाळपासून तिचं डोकं तापलेलं होतं.

“पाळी जवळ आली की हिचं डोकं ठणकतं,” कल्याण सांगू लागला. “सांधे धरतेत, पोट फुगतं, झोप न्हाई. मंग घरात नुसती आदळआपट. आता ऊसतोडीला टोळी निघून राह्यली. मुकादम म्हणला, जल्दी पिशवी काढून घे, मंग खाडे न्हाईत.”

अक्षता पदराचं टोक पिळत खाली बघत राहिली.

“बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “लेकरं झालीत ना? मग पिशवी ठेवायची कशाला? अंडाशयंही काढून टाकू. कटकटच मिटली.”

“हिला तपासलं का तुम्ही?” नंदाबाईने विचारलं.

“त्यात तपासायचं काय?”

“अन् ते काढल्यावर बाईच्या अंगाचं काय होतं?”

“काही होत नाही. पाळी बंद. बस.”

“बिलकुल खोटं!” नंदाबाईचा हात टेबलावर आदळला. “अंडाशयातून जे रगतात उतरतं ते डोक्यापासून टाचेपर्यंत जातं. हाडाला तेच, झोपेला तेच, काळजाला तेच. महिन्यात ते खालीवर होतं म्हणून हिला तरास. त्याला औषध हाय. पर मुळातूनच उपटलं तर थंडीत घाम फुटतो, उभ्या अंगाची आग होती, हाडं भुसभुशीत होत्यात. मला कोणी शिकवायची गरज न्हाई. माझी पिशवी अन् अंडाशयं तुम्हीच काढली, याच दवाखान्यात.”

“असेल. शेकडो बायका येतात.”

“तू मधी बोलू नको,” कल्याण गुरकावला. “आमच्या घरचं आम्ही बघू.”

नंदाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने अक्षताचं मनगट धरलं. “ऊठ.”

अक्षता उठली. नवऱ्याकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, “मला न्हाई काढायची. मुकादमाला सांग, त्याच्या बायकोची काढ म्हणावं.”

दोघी दाराकडे वळल्या. नंदाबाईला कमरेत वाकून, भिंतीचा आधार घेत चालावं लागत होतं.

डॉक्टर मागून ओरडले, “आजी, म्हातारपणी हाडं दुखणारच! त्याचं खापर माझ्यावर कशाला फोडता? उगाच नातीचं नुकसान करताय.”

नंदाबाई उंबऱ्यात थांबली. पांढरी झालेली बट तिने कानामागे सारली.

“नात न्हाई,” ती म्हणाली. “ही माझी थोरली बहीण हाय.”